डावा खांदा

लिलावात तुझं नाव पुकारलं तेव्हा
मी उद्यमनगरात, लेथवर,
समोर पंपाचा शाफ्ट, एका कानात इअरफोन,
दुसरा कान मालकासाठी मोकळा.
सन्मती मगदूम. ड्रॅगफ्लिकर. वय एकोणीस.
आकडा ऐकला
आणि शाफ्ट सुतभर जास्तच कापला गेला.
मालक म्हणाले, हा तुझ्या पगारातनं.
म्हटलं, कापा.

दिवेलागणीला रुकडीच्या चौकात फ्लेक्स.
छापणाऱ्यानं फोटो उलटा लावून
तुला डावखुरा करून टाकलं.
डावखुरी स्टिक या खेळात नसतेच,
पण फुटबॉलच्या मुलखात हे सांगायचं कुणाला?
तुझ्या गुडघ्याखाली वीस गॉगलवाले शुभेच्छुक.
पेनल्टी कॉर्नरला पहिला धावत सुटणारा
मांडीवर काय काय झेलतो,
त्यातल्या एकाला विचारून बघ.

आता ज्याच्या त्याच्याकडं तुझा एकेक गोल जमा आहे.
बाबांना पहिल्याच सामन्यात हवाय.
दूध डेअरीत फॅट लावता लावता
अख्ख्या रांगेला तारीख सांगून बसलेत.
चुलत्यानं पाचगावला प्लॉट बघितलाय, तुझ्या पैशात.
आईला गोल नको.
दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या पोरानं
रात्री आठचा सामना खेळायचा कसा,
तिचा घास तिथंच अडकलाय.
सर काहीच बोलत नाहीत,
मैदानाला पाणी मारतात,
रोजच्यापेक्षा जरा जास्तच.

आणि तू मला विचारलंस,
डोशाच्या गाडीवर, लोणी वितळायच्या आधी,
"तुला काय वाटतंय, बाबर?"

वाटतंय की चार सामने तू बाकावर बसशील.
बस.
तिथं बॉल येतो तो जर्सीवरचं नाव वाचायच्या आत येतो.
परदेशी डिफेंडरला रुकडी माहीत नसणार,
तो तुझा पाय बघेल, गाव नाही.
कुणी पाणी आण म्हटलं तर आण.
एवढं बोललो मी.
एक बोललो नाही.

चार वर्षं तुझ्यासमोर उभा आहे,
दुसऱ्याच्या घामाचा वास येणारं हेल्मेट घालून,
सुभाषनगरच्या चप्पलवाल्यानं टाके घातलेले पॅड बांधून.
लोक म्हणायचे, सन्मतीचा बॉल फक्त बाबर ओळखतो.
बॉल कुठला लेका.
माझ्या डावीकडं खाली टाकायचं तुझ्या मनात आलं
की तुझा डावा खांदा पडतो,
अंगठ्याच्या पेराएवढा.
दुसऱ्याच महिन्यात दिसलं होतं मला.
त्या एका पेरावर
माझं सगळं नाव उभं होतं.

निवड चाचणीत तुझे तीन अडवले.
मी राखीव म्हणून गेलो,
तुझं वर्ष गेलं.
परतीच्या गाडीत तू मला शेंगा सोलून देत होतास.

आज ते सांगितलं.
दिवे अर्धे विझलेले, टर्फ ओलं,
तुझी बॅग पोलला टेकवलेली.
तू विचारलंस, "कधीपासनं?"
"चार वर्षं."
शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं.
तू बॉल मागं नेलास. म्हणालास,
"उभा ऱ्हा."

पहिला अडवला. दुसरा पण.
तिसऱ्याला खांदा पडता पडता थांबला
आणि बॉल बाहेर, पार कुंपणाला.
पाचवा की सहावा,
मी अजून खांद्याकडंच बघत होतो
आणि पाठीमागं फळी वाजली.

साडेअकराची गाडी. अकरा वाजत आलेले.
"आणि एक," तू म्हणालास.
मी फळीजवळचा बॉल काढून दिला.
हेल्मेटची जाळी बरी असते कधी कधी,
आतला माणूस
बाहेरून नीट दिसत नाही.